तात्पुरती प्रयोगशाळा, झोपण्यास मनाई

मागच्या खोलीच्या कोपऱ्यात, छताच्या जरा खाली, ओलीचा डाग पहिल्यांदा उमटला तेव्हा तो बशीएवढा होता. सरांनी स्टुलावर चढून त्याचा व्यास पट्टीने मोजला, वहीत तारीख घालून लिहिला आणि खाली उतरून पत्नीला सांगितले, "अकरा सेंटिमीटर. वरून पाणी झिरपतंय."

"वरून कशावरून?" पत्नीने विचारले.

"पाणी खालून वर चढत नाही म्हणून," सर म्हणाले आणि त्यांच्यापुरता तो विषय संपला.

पुढच्या तीन वर्षांत बशीचे ताट झाले, ताटाची परात झाली आणि परातीला काळपट बुरशीची महिरप आली. तेवढ्याच काळात सरांनी वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना लिहिलेल्या पत्रांची संख्या तेरा झाली. प्रत्येक पत्राला विषय होता, संदर्भ होता, परिच्छेदांना क्रमांक होते आणि शेवटी 'कळावे' होते. नर्सबाईंचे न्हाणीघर नेमके त्याच कोपऱ्यावर येत असे आणि ड्यूटीवरून केव्हाही परतल्या तरी त्या आधी भरपूर पाण्याने आंघोळ करत, ही दोन विधाने प्रत्येक पत्रात होती. पहिल्या पत्राला तेवढे उत्तर आले होते. त्याच कागदाच्या पाठीवर, औषधाच्या चिठ्ठीवर असते तशा तिरक्या अक्षरात नर्सबाईंनी तीन शब्द लिहिले होते, 'खिडकी उघडत जा.'

ज्या माणसाने एकतीस वर्षे तंत्रनिकेतनात वायुवीजन हा विषय शिकवला, ज्याने हवा किती क्षेत्रफळाच्या झरोक्यातून किती वेगाने आत येते याची कोष्टके दोन पिढ्यांकडून पाठ करून घेतली, त्याला कोणी 'खिडकी उघडत जा' म्हणावे, हे म्हणजे घड्याळजीला किती वाजले ते सांगण्यासारखे झाले. सरांनी तो कागद फाइलीत लावला. फाइलीच्या त्या भागाचे शीर्षक होते 'अवमान'. त्या भागात तेवढा एकच कागद होता, पण तो पुरेसा होता.

शिवाय खिडकीची व्यवस्था सरांच्या घरात होतीच. निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांनी घराचे वेळापत्रक टंकलिखित करून, प्लॅस्टिकचे वेष्टन चढवून मागच्या खोलीच्या दारामागे टांगले होते. त्यातली सातवी नोंद अशी होती : 'मागील खिडकी. उघडणे सकाळी सहा ते आठ, सायंकाळी पाच ते सात. जबाबदारी : गृहिणी.' त्या दोन्ही वेळांना सर घरी नसत. सकाळी ते फिरायला जात आणि संध्याकाळी वाचनालयात. पण नियम एकदा लिहून टांगला की त्याचे पालन होते, यावर त्यांचा विश्वास होता. एरवी नियम लिहायचे कशाला?

अशा स्थितीत विभागप्रमुखांचा फोन आला. विभागप्रमुख म्हणजे सरांचाच जुना विद्यार्थी. खुर्चीत बसल्यापासून तो सर्वांना नावाने हाक मारू लागला होता, पण सरांसमोर आला की त्याचे हात अजून आपोआप पाठीमागे जात.

"सर, नवीन अभ्यासक्रमात एक विषय आलाय. शिकवायला कोणी तयार नाही. नावच इतकं लांब आहे की सगळे वाचूनच नाही म्हणतात."

विषयाचे नाव होते 'इमारतींमधील उष्णता, हवा व बाष्प यांच्या वहनाचे संगणकीय प्रतिरूपण'. वेळापत्रकाच्या चौकटीत ते मावेना, म्हणून कारकुनाने त्याचे 'उहबा' केले आणि पहिल्याच आठवड्यात सबंध कॉलेजात तेच नाव रूढ झाले. थोडक्यात सांगायचे तर खोलीच्या भिंती कशाच्या, जाडी किती, बाहेर थंडी किती, आत माणसे किती आणि ती काय करतात, हे सगळे आकडे संगणकाला द्यायचे. मग कोणत्या तासाला भिंत किती गार पडेल आणि हवेतल्या वाफेचे त्या भिंतीवर पाणी होईल की नाही, ते संगणक सांगतो.

"एकच अट आहे, सर," विभागप्रमुख म्हणाला. "एका खऱ्याखुऱ्या खोलीत मोजलेलं आणि विद्यार्थ्यांच्या गणितातून आलेलं जुळलं, तरच पुढच्या वर्षी हा विषय राहणार. नाहीतर बंद."

सरांनी फोन ठेवला आणि मागच्या खोलीकडे पाहिले. विषय आणि डाग ही दोन स्वतंत्र संकटे एकमेकांना सोडवू शकतात, हे त्यांच्या शिस्तबद्ध मनाला त्या क्षणी इतके स्वच्छ दिसले की त्यांनी पट्टी आणून डाग पुन्हा मोजला. एकसष्ट सेंटिमीटर.

उहबाला सात विद्यार्थी आले. त्यातल्या दोघांची ओळख करून देणे आवश्यक आहे. एक लांब्या, जो वर्गात उभा राहिला की पंख्याचा वेग कमी करावा लागे आणि ज्याच्यामुळे पुढे शिडीचा प्रश्न उद्भवला नाही. दुसरी शंका. हे तिचे नाव नव्हते. पण ती प्रत्येक वाक्याची सुरुवात 'सर, एक शंका' अशी करत असल्यामुळे तिला दुसरे काही नाव आहे हे हजेरीपटालाच ठाऊक होते.

पहिल्या तासाला सर म्हणाले, "भिंत श्वास घेत नाही. श्वास घेतो तो माणूस, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. झोपलेला माणूससुद्धा तासाला दोन-तीन मोठे चमचे पाणी हवेत सोडतो. ते कुठे जातं, हा आपला विषय. आणि एक लक्षात ठेवा. गणितात घातलेला प्रत्येक आकडा मोजलेला असावा, नाहीतर विचारलेला असावा. ठरवलेला नसावा. लिहून घ्या."

सातही जणांनी लिहून घेतले. शंकाने त्याखाली रेघ ओढली.

आता उपकरणे. काडेपेटीएवढी सहा यंत्रे होती. ठेवली तिथे दर दहा मिनिटांनी तापमान आणि हवेतला दमटपणा गुपचूप नोंदवत बसणारी. ती कॉलेजच्या भांडारपालाच्या कपाटात होती, आणि भांडारपालाची अशी श्रद्धा होती की उपकरण वापरले की झिजते, म्हणून खरे सुरक्षित उपकरण ते, ज्याचे खोके उघडलेले नाही.

"उपकरणं आवाराबाहेर जात नाहीत," भांडारपाल म्हणाला.

"घरी न्यायची आहेत."

"घर आवाराबाहेर आहे."

"हे मला मान्य आहे," सर म्हणाले. "पण अभ्यासक्रमात प्रत्यक्ष खोलीचं मोजमाप लिहिलंय."

"मग कॉलेजच्या खोल्या मोजा की. सत्तावीस आहेत."

"त्यांना ओल नाही. निम्म्या खिडक्यांना काचाच नाहीत, वारा आरपार जातो. तिथे काय मोजणार?"

हे वाक्य उच्चारताना सरांना त्यात काही विशेष वाटले नाही. पुढे मात्र ते त्यांना अनेकदा आठवले.

चार दिवस आणि तीन अर्ज एवढ्या चर्चेनंतर भांडारपालाने नियमांच्या पुस्तकातून एक वाट काढली. उपकरणे प्रयोगशाळेबाहेर नेता येत नाहीत, पण प्रयोगशाळाच दुसरीकडे असेल तर तिथे नेता येतात. सबब, सरांची मागची खोली 'तात्पुरती प्रयोगशाळा क्रमांक एक' म्हणून घोषित करावी, दाराला पाटी लावावी, नोंदवही ठेवावी आणि भांडारपालाने केव्हाही येऊन तपासणी करावी. विभागप्रमुखाने सही केली. त्याच्या हातून सरांच्या कागदावर दुसरे काही झालेच नसते.

पाटी घरी आली तेव्हा पत्नी म्हणाली, "अहो, कपडे कुठे ठेवायचे मग? प्रयोगशाळेतल्या कपाटात?"

"काहीही बदलायचं नाही. आपण रोज राहतो तसंच राहायचं. तोच तर प्रयोग आहे."

शनिवारी विद्यार्थी आले. लांब्याने जमिनीवर उभ्या उभ्या छताजवळ एक यंत्र चिकटवले. एक पलंगाशी, दोन दाराच्या आतबाहेर, एक बाल्कनीच्या गजाला, एक भिंतीला टेकलेल्या मोठ्या कपाटाच्या मागे, फटीतून पट्टीने ढकलून. पत्नीने चहा केला. 'प्रयोगशाळेत खाद्यपेये नेऊ नयेत' या नियमानुसार सगळ्यांनी तो उंबऱ्याबाहेर ओळीने उभे राहून घेतला. मग सरांनी दारामागचे वेळापत्रक काढून विद्यार्थ्यांपुढे ठेवले.

"संगणक विचारेल, खिडकी केव्हा उघडी असते, केव्हा बंद. ही घ्या. सातवी नोंद."

विद्यार्थ्यांनी नोंद उतरवून घेतली. पत्नी त्या वेळी कपबशा गोळा करत होती. तिने वेळापत्रकाकडे पाहिले, सरांकडे पाहिले आणि कपबशा घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. एवढ्या मुलांसमोर काय बोलायचे!

बातमी अर्थातच जिन्यात पोचली. इमारतीच्या समितीचे सचिव म्हणजे पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. ते मुद्दाम डाग पाहायला आले. डोके मागे टाकून, खिशातला छोटा दिवा लावून त्यांनी कोपरा तपासला.

"आ करायला सांगता येत नाही, हीच अडचण," ते म्हणाले. "पण सर, ही वरवरची कीड नाही. मुळापर्यंत गेलीय. सगळं कोरून काढायचं, साफ करायचं आणि भरून टाकायचं. इथूनही आणि वरूनही."

"वरून म्हणजे न्हाणीघराची जमीन उखडून?"

"वेदना होणारच. पण दुखतंय म्हणून दात ठेवून चालत नाही."

पहिल्या आठवड्याचे आकडे आले तेव्हा सरांना तरुण झाल्यासारखे वाटले. संगणक म्हणत होता की या खोलीची भिंत कोरडी राहायला हवी. यंत्रे म्हणत होती की कपाटामागे हवा इतकी दमट आहे की भिंतीला पाणी सुटते आहे. दोन्हींमध्ये जमीनअस्मानाचे अंतर होते.

"मुलांनो, हे अंतर म्हणजेच वरचं पाणी!" सर म्हणाले. "खोलीत निर्माण होत नाही, तरी भिंतीवर आहे. मग ते आलं कुठून?"

"सर, एक शंका."

"नंतर."

त्याच संध्याकाळी चौदावे पत्र गेले. या वेळी सोबत आलेख जोडला होता आणि प्रत समितीला होती. समितीने ठरवले की अजून तीन आठवडे मोजमाप होऊ द्यावे, मग रविवारी सभा घ्यावी, सरांच्या विद्यार्थ्यांनी अहवाल वाचावा, आणि दोष वरचा ठरला तर नर्सबाईंनी न्हाणीघर उखडावे.

नर्सबाई जिन्यात भेटल्या. हातात दोन पिशव्या, डोळ्यांत रात्रपाळी.

"मास्तर, आलेख छान काढलाय," त्या म्हणाल्या. "मुलांनी काढला का?"

"मुलांनीच. माझ्या मार्गदर्शनाखाली."

"मला एकच न्हाणीघर आहे. ते महिनाभर उखडून ठेवलं तर बारा तास वॉर्डात काढून आल्यावर मी अंग कुठे धुवायचं? आणि परवा माझी बहीण येतेय, दोन लेकरं घेऊन, महिन्याभरासाठी."

"व्यक्तिगत गैरसोयीबद्दल मला सहानुभूती आहे," सर म्हणाले. "परंतु विज्ञान..."

"खिडकी उघडता का?" नर्सबाईंनी मध्येच विचारले.

"दिवसातून चार तास!" सर ताडकन म्हणाले. "लेखी आहे."

नर्सबाईंनी मान हलवली आणि त्या पिशव्या सावरत वर गेल्या.

दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी भांडारपाल तपासणीला आला. तो दारातच थबकला.

"सर, प्रयोगशाळेत पलंग आहे."

"आम्ही तिथे झोपतो."

भांडारपालाचा चेहरा पाहून सरांना पहिल्यांदाच आपण काही अश्लील बोलल्यासारखे वाटले. "प्रयोगशाळेत झोपता येत नाही, सर. कलम नऊ. तुम्हीच तर हे नियम केले होते, बारा वर्षांपूर्वी, तुम्ही सुरक्षा समितीवर होता तेव्हा. खाली तुमचीच सही आहे."

सरांनी पाहिले. सही त्यांचीच होती, आणि नेहमीप्रमाणे सुवाच्य होती.

मग भांडारपालाने एकेक कलम वाचत खोलीतून फेरी मारली. थंडीच्या दिवसांत बाल्कनीत ऊन येत नसल्यामुळे दोरीवर वाळत घातलेले ओले कपडे : मनाई, कलम अकरा. भिंतीला चिकटून ठेवलेले कपाट : भिंतीपासून हातभर अंतर हवे, कलम चौदा. आणि खिडकी. खिडकीच्या रुंद कट्ट्यावर, पडद्याआड, तांत्रिक मासिकांचे एकोणतीस वर्षांचे अंक क्रमवार रचलेले होते, जमिनीवरून पाहिले तर वरच्या बिजागरीपर्यंत.

"ही खिडकी संकटकाळी बाहेर पडायची वाट आहे," भांडारपाल म्हणाला. "मोकळी हवी. आणि प्रयोगशाळेची खिडकी कामाच्या वेळात उघडी ठेवायची. कलम सतरा."

"तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून कोण बाहेर पडणार आहे?"

"ते कलमात लिहिलेलं नाही, सर. सगळं कलमाप्रमाणे करा, नाहीतर आज संध्याकाळी सहाही यंत्रं जमा करा."

यंत्रे जमा केली असती तर प्रयोग बुडाला असता, प्रयोगाबरोबर विषय बुडाला असता आणि विषयाबरोबर चौदा पत्रे. सरांनी मान तुकवली. लांब्याने आणि इतर चौघांनी मासिके क्रम न बिघडवता दिवाणखान्यात हलवली, कपाट पुढे ओढले, पलंग सुटा करून बाल्कनीत नेला, दोरी सोडली. आता घराचे दृश्य असे होते : मागची खोली लख्ख, रिकामी, हवेशीर, तिच्या दारावर 'झोपण्यास मनाई' असा नवा फलक, आणि दिवाणखान्यात एका बाजूला एकोणतीस वर्षांचे ज्ञान, दुसऱ्या बाजूला ओले कपडे आणि मध्ये चटईवर सर. अंगाला ऊब मिळेना म्हणून त्यांनी तीन वर्षांचे अंक उशाशी आणि पायथ्याशी आडोशाला रचले. ज्ञानाचा एवढा प्रत्यक्ष उपयोग त्यांना पूर्वी कधी झाला नव्हता.

"स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं झोपायचं म्हणजे..." ते कण्हले.

"पाहुण्यांना आपण पलंग देतो," पत्नी म्हणाली.

शनिवारी सरांनी डाग मोजला. अठ्ठावन्न. त्यांनी डोळे चोळून पुन्हा मोजला. अठ्ठावन्नच.

"पत्राचा परिणाम," ते म्हणाले. "पाणी जपून वापरू लागल्यात."

पत्नीने छताकडे बोट दाखवले. वर बादल्यांचा, नळाचा आणि दोन लेकरांनी एकमेकांवर तांब्याने पाणी उडवण्याचा असा काही गोंगाट चालला होता की न्हाणीघर आहे की धरण, असा प्रश्न पडावा. बहीण आली होती. पाण्याचा खप तिप्पट झाला होता. आणि त्याच्या पुढच्या शनिवारी डाग झाला बावन्न.

सर अस्वस्थ झाले. शत्रूच्या घरी पाणी वाढावे आणि आपली भिंत वाळावी, हे कोणत्याही कोष्टकात बसत नव्हते.

रविवारच्या सभेला तीन दिवस उरले असताना विद्यार्थी अहवाल पुरा करायला घरी आले. सर दिवाणखान्यात मासिकांच्या आडोशाला बसून प्रस्तावना सांगत होते आणि लांब्या ती टंकत होता. शंका उठून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामध्ये एक पातळ भिंत होती. तिची ध्वनिरोधकता सरांनी कधी मोजली नव्हती.

"काकू, एक शंका. मागच्या खोलीची खिडकी तुम्ही सकाळी सहाला उघडता की जरा उशिरा?"

"कुठली खिडकी?" पत्नीचा आवाज आला.

"मागची. वेळापत्रकात आहे ती."

"अगं, ती खिडकी तुमच्या त्या भांडारवाल्या साहेबांनी त्या सोमवारी उघडली, ती तीन वर्षांत पहिल्यांदा. हे निवृत्त झाले, मासिकं घरी आली, त्या कट्ट्यावर रचली. मी म्हटलं, अहो, झडप उघडत नाही, हलवा. म्हणाले, क्रम बिघडेल. मग मी कशाला बोलू?"

"आणि कपडे आतच वाळायचे?"

"थंडीत दुसरीकडे कुठे? शिवाय रात्री दार बंद. ह्यांना वारा सोसत नाही. वायुवीजन शिकवायचे ना, त्यात सगळा वारा संपला असेल."

दिवाणखान्यात लांब्याची बोटे थांबली. सर प्रस्तावनेच्या अर्ध्या वाक्यात होते. ते वाक्य आजतागायत अर्धेच आहे.

शंका बाहेर आली. तिने संगणक पुढे ओढला, खिडकीच्या रकान्यातले चार तास पुसले, तिथे शून्य घातले. कपड्यांचे पाणी घातले. कपाट भिंतीला चिकटवले. दोन माणसे, बंद दार, आठ तास. संगणकाने थोडा वेळ विचार केला आणि पडद्यावर रेघ उमटली. पहिल्या आठवड्याच्या मोजलेल्या रेघेवर ती अशी बसली, की जणू एकीने दुसरी गिरवली होती. मग तिने भांडारपालाची कलमे घातली : नऊ, अकरा, चौदा, सतरा. पुढच्या आठवड्यांची रेघही बसली. भिंत वाळत गेली. वरच्या पाण्याला कुठेही जागा उरली नव्हती, थेंबभरही.

"सर, जुळलं!" लांब्या आनंदाने ओरडला आणि मग सरांचा चेहरा पाहून पुन्हा खाली बसला.

आता सरांची बाजूही समजून घेतली पाहिजे. चौदा पत्रे, समितीसमोर दिलेला शब्द, एकतीस वर्षांची प्रतिष्ठा, आणि 'अवमान' या शीर्षकाखालचा तो एक कागद. माणूस कितीही शिस्तबद्ध असला तरी अशा वेळी त्याचा हात एखाद्या आकड्याकडे वळतोच. सर खाकरले.

"एक करून पाहू या. खिडकी तासभर तरी उघडत असेल असं धरू. आणि वरून दिवसाला एक लिटर येतंय असं धरू. मग पहिला आठवडा जुळतो का?"

शंकाने वही उघडली. पहिले पान. सरांनी तिच्या वहीतली रेघ उलट्या बाजूनेही ओळखली.

"सर, एक शंका," ती हळू आवाजात म्हणाली. "तो एक लिटर मोजलेला की विचारलेला?"

वर नळ धो धो वाहत होता. सरांनी छताकडे पाहिले.

"ठरवलेला," ते म्हणाले. "पुसून टाक."

रविवारी समिती दातांच्या डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात जमली. नर्सबाई रात्रपाळी करून थेट आल्या होत्या आणि किडलेल्या दाढेच्या मोठ्या चित्राखाली डोळे ताणून उघडे ठेवून बसल्या होत्या. विभागप्रमुखही आला होता. त्याला विषयाचे भवितव्य ठरवायचे होते. विद्यार्थी अहवाल घेऊन उभे राहिले तेव्हा सर म्हणाले, "आणा इकडे. हा मी वाचणार."

त्यांनी तो सगळा वाचला. क्रमांक, उपक्रमांक, तळटीपांसह. 'रहिवाशाने पुरवलेले वेळापत्रक व रहिवाशाचे प्रत्यक्ष वर्तन यांत तफावत आढळली' या वाक्यापाशी आवाज जरा खाली गेला, तेव्हा पत्नी मागून म्हणाली, "ऐकू आलं नाही." मग त्यांनी ते मोठ्याने वाचले. शेवटी निष्कर्ष : ओलीचे पाणी खोलीतलेच, वरच्या मजल्याचा संबंध नाही, उपाय, खिडकी उघडणे.



"म्हणजे दात चांगला होता," डॉक्टर म्हणाले. त्यांना जरा वाईटच वाटलेले दिसले. "नुसतं घासायचं राहिलं होतं."

नर्सबाई उठल्या. त्या आता काय म्हणतील या भीतीने सरांनी अहवालाची पाने उगाचच सारखी केली. पण त्यांनी एक मोठी जांभई दिली आणि त्या झोपायला गेल्या.

विभागप्रमुख हात पाठीमागे बांधून पुढे आला. "सर, इतकं नेमकं जुळलेलं मी पाहिलं नव्हतं. विषय पुढच्या वर्षी चालू." आणि जरा घुटमळून म्हणाला, "भांडारपालाचं नाव अहवालात आभारात घालायचं का?"

"घाला," सर म्हणाले. "कलमांसकट."

पुढच्या वर्षीसाठी सरांनी माहिती भरण्याचा छापील तक्ता स्वतः तयार केला. त्यात खिडकीच्या रकान्याखाली दोन सह्यांच्या जागा आहेत : 'माहिती देणाऱ्याची स्वाक्षरी' आणि 'घरातील दुसऱ्या व्यक्तीची प्रतिस्वाक्षरी'. दुसरी सही नसेल तर तक्ता ग्राह्य धरला जात नाही. मासिके वाचनालयाला गेली, क्रमवार. पलंग पुन्हा मागच्या खोलीत आला आणि 'झोपण्यास मनाई' हा फलक पत्नीने दिवाणखान्यातल्या आरामखुर्चीवर, सरांच्या दुपारच्या जागी लावला.

पंधरावे पत्र लिहायला सरांना दोन दिवस लागले. विषय : दिलगिरी. संदर्भ : आमची पत्रे क्रमांक एक ते चौदा. परिच्छेद एकात तक्रार बिनशर्त मागे घेतली होती, परिच्छेद दोनात झालेल्या मनस्तापाबद्दल क्षमा मागितली होती आणि परिच्छेद तीनात, पुष्कळ खाडाखोडीनंतर, असे मान्य केले होते की 'आपण तीन वर्षांपूर्वी कोणत्याही उपकरणाविना केलेले निदान अचूक होते'. हे पत्र त्यांनी टपालपेटीत न टाकता स्वतः वर नेऊन दारातल्या लहान मुलीच्या हातात दिले आणि ती काही बोलण्याआधी खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला, फिरायला निघताना, त्यांना दाराखालून सरकवलेला कागद दिसला. त्यांचेच पत्र होते. त्यांनी ते उलटले. पाठीवर त्याच तिरक्या अक्षरात दोन शब्द होते :

'उघडली का?'

सर चपला काढून परत आत गेले, मागच्या खोलीची खिडकी स्वतःच्या हाताने सताड उघडली आणि घड्याळ पाहिले. मग त्या दोन शब्दांखाली त्यांनी आपल्या सुवाच्य अक्षरात वेळ लिहिली आणि कागद पत्नीपुढे धरला.

"काय करायचं याचं?" तिने पलंगावरूनच विचारले.

"प्रतिस्वाक्षरी," सर म्हणाले.